गिअरपेटीतील तेलाचा उष्णता-सेन्सर : दोष कसा ओळखावा?

(ग्रामसेवक, कृषिसेवक व वाहनधारक शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा उद्देश

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या शिवारांत मोटारी आणि मोटारींचे सुटे भाग बनविणारे कारखाने उभे राहिले. पुढे २००९ च्या सुमारास चाकणच्या परिसरातही मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. ज्या जमिनीत पूर्वी बाजरी व कांदा पिकत असे, त्याच जमिनीवर आज आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी तयार होतात. आणि खेड, मावळ व हवेली या तालुक्यांतील कित्येक शेतकऱ्यांच्या अंगणात अशा मोटारी उभ्या असतात.

मोटार घरी आली, म्हणजे तिच्या दुरुस्तीचा प्रश्नही घरी येतो. बैलाच्या खुराला काय झाले आहे हे शेतकऱ्यास पाहताच कळते. गिअरपेटीच्या पोटात काय बिघडले आहे हे त्याला दिसत नाही. यास्तव दुरुस्ती करणारा जे सांगेल त्यावर त्याला विश्वास ठेवावा लागतो. पुष्कळदा एक लहानसा सेन्सर बिघडलेला असतो आणि संपूर्ण गिअरपेटी बदलण्याचा सल्ला मिळतो. याच्या उलटही घडते. सेन्सर खरे सांगत असतो, परंतु "सेन्सर खराब आहे" असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते आणि चांगली गिअरपेटी जळून जाते. या दोन्ही चुका टाळता याव्यात, एवढाच प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

सेन्सरचे कार्य

आपोआप गिअर बदलणाऱ्या बहुतेक मोटारींच्या गिअरपेटीत एक विशेष प्रकारचे तेल असते. हे तेल वंगणाचे काम तर करतेच. शिवाय इंजिनाची शक्ती पुढे पोहोचविणे, दाबाने आतील क्लच आवळणे आणि आतील उष्णता बाहेर नेणे ही कामेही तेच करते. थंड तेल घट्ट असते व तापलेले तेल पातळ होते. म्हणून एकाच दाबाने क्लच आवळला, तर थंडीत गाडीला हिसका बसेल आणि उन्हात क्लच घसरेल. हे होऊ नये म्हणून गिअरपेटीचा नियंत्रक संगणक तेलाची उष्णता सतत पाहत असतो व तीनुसार दाब कमीजास्त करतो. त्याला ही उष्णता कळविणारा लहानसा भाग म्हणजेच उष्णता-सेन्सर होय.

हाताने गिअर बदलावयाच्या साध्या गाड्यांत हा सेन्सर बहुधा नसतो. आपल्या गाडीत तो आहे किंवा नाही, व असल्यास कोठे आहे, हे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरून पाहावे. काही गाड्यांत तो बाहेरून काढता येतो. परंतु पुष्कळ गाड्यांत तो गिअरपेटीच्या आत तेलात बुडालेला असतो आणि इतर अनेक तारांबरोबर एकाच मोठ्या कनेक्टरमधून त्याच्या तारा बाहेर येतात.

सेन्सरमागील तत्त्व

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३३ साली असे पाहिले की, चांदीच्या सल्फाइडमधून जाणाऱ्या विजेला होणारा रोध तो पदार्थ तापविला असता कमी होतो. तांब्याच्या तारेचा रोध तापल्यावर वाढतो. या पदार्थाचे वर्तन त्याच्या अगदी उलट होते. अशाच गुणधर्माच्या पदार्थांपासून आजचा 'थर्मिस्टर' बनवितात. आपला सेन्सर म्हणजे तेलात बसविलेला थर्मिस्टरच होय.

एका प्रचलित प्रकारच्या थर्मिस्टरचे आकडे उदाहरणादाखल पुढे दिले आहेत.

० अंश सेल्सियस : सुमारे ५,९०० ओहम
२० अंश : सुमारे २,५०० ओहम
४० अंश : सुमारे १,२०० ओहम
६० अंश : सुमारे ६०० ओहम
८० अंश : सुमारे ३२० ओहम
१०० अंश : सुमारे १९० ओहम

प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात. म्हणून हे आकडे आपल्या गाडीस जसेच्या तसे लावू नयेत. परंतु उष्णता वाढली की रोध घटतो, हा नियम मात्र या जातीच्या सर्व सेन्सरांस लागू आहे.

नियंत्रक संगणक आपल्या आतील एका ठराविक रोधातून या सेन्सरकडे ५ व्होल्टचा दाब पाठवितो आणि सेन्सरच्या तारेवर किती व्होल्ट उरतात ते पाहतो. समजा, आतील रोध १,००० ओहम आहे. तेल २० अंशांवर असताना तारेवर सुमारे ३.६ व्होल्ट दिसतील. ८० अंशांवर सुमारे १.२ व्होल्ट दिसतील. म्हणजेच व्होल्ट अधिक तर तेल थंड, आणि व्होल्ट कमी तर तेल गरम.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. त्या वाचकांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट : तार तुटली किंवा कनेक्टर निसटला, तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. संगणक समजतो की तेल अतिशय थंड आहे. बहुतेक गाड्यांत अशा वेळी उणे ४० अंशांच्या आसपासचा आकडा दिसतो. पुणे जिल्ह्यात अशी थंडी कधीच पडत नाही. म्हणून हा आकडा दिसताच तार तुटल्याचा संशय घ्यावा.

दुसरी गोष्ट : दोन तारा एकमेकींना चिकटल्या किंवा संदेशाची तार गाडीच्या सांगाड्याला लागली, तर व्होल्ट शून्याकडे जातात. संगणक समजतो की तेल भयंकर तापले आहे. मग १५० अंशांच्या आसपासचा किंवा त्याहूनही मोठा आकडा दिसतो.

दोषाची लक्षणे

संगणकाला तेल खोटेच थंड वाटले, तर तो गिअर उशिरा बदलतो, वरचा गिअर टाळतो आणि इंधन अधिक जळते. तेल खोटेच तापलेले वाटले, तर तो गिअरपेटी वाचविण्यासाठी गाडीची शक्ती कमी करतो किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. समोरच्या फलकावर इशाऱ्याचा दिवा लागतो. काही वेळा गिअर बदलताना जोराचा हिसका बसतो.

तथापि नुसत्या लक्षणांवरून सेन्सर दोषी ठरवू नये. तेल कमी होणे, तेल जळून काळे पडणे, चुकीच्या जातीचे तेल भरणे, आतील क्लच झिजणे किंवा बॅटरी अशक्त होणे यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. ताप आला म्हणजे हिवतापच आहे असे वैद्य समजत नाही. तीच दृष्टी येथेही ठेवावी.

परीक्षेचा क्रम

परीक्षा स्वस्त व सोप्या गोष्टींपासून सुरू करावी आणि खर्चाच्या गोष्टींकडे सावकाश जावे. मधली पायरी गाळू नये.

१. डोळ्यांनी पाहणी. इंजिन बंद व थंड असताना कनेक्टर व तारा पाहाव्यात. ग्रामीण भागात तारा उंदरांनी कुरतडलेल्या आढळतात, विशेषतः गाडी धान्याच्या किंवा कांद्याच्या चाळीजवळ उभी राहत असेल तर. पावसाळ्यात चिखल साचून किंवा जोराच्या पाण्याने गाडी धुतल्यामुळे कनेक्टरमध्ये ओल शिरते. आतील पिनांवर हिरवट गंज दिसतो काय, किंवा गिअरपेटीचे तेल झिरपून कनेक्टरमध्ये आले आहे काय, हेही पाहावे.

२. दोषांक वाचणे. स्टिअरिंगखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून संगणकाने नोंदविलेले दोषांक वाचावेत व कागदावर उतरवून घ्यावेत. या सेन्सरसंबंधीचे नेहमीचे दोषांक असे आहेत : पी ०७१० म्हणजे मंडलात सर्वसाधारण दोष, पी ०७११ म्हणजे आकडा मंडलाच्या मर्यादेत आहे, परंतु पटण्यासारखा नाही, पी ०७१२ म्हणजे व्होल्ट फार कमी, अर्थात आकडा खोटा गरम, पी ०७१३ म्हणजे व्होल्ट फार जास्त, अर्थात आकडा खोटा थंड, पी ०७१४ म्हणजे दोष मधूनमधून येतो-जातो. पी ०२१८ हा दोषांक मात्र वेगळा आहे. तो तेल मर्यादेबाहेर तापल्याची सूचना देतो. दोषांक हा निवाडा नसून तक्रार आहे. तो कोणत्या मंडलात पाहावे एवढेच सांगतो; कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. म्हणून दोषांक वाचून लगेच नवा सेन्सर विकत आणणे योग्य नव्हे.

३. सकाळची तुलना. ही परीक्षा सर्वांत सोपी व सर्वांत उपयुक्त आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनरवर तीन आकडे पाहावेत : इंजिनाच्या पाण्याची उष्णता, आत येणाऱ्या हवेची उष्णता आणि गिअरपेटीच्या तेलाची उष्णता. रात्रभर निवालेल्या गाडीत हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. दोन आकडे २२ अंश आणि तेलाचा आकडा ५५ अंश असेल, तर सेन्सर किंवा त्याचे मंडल खोटे बोलत आहे हे उघड आहे.

४. चालवून पाहणे. गाडी सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे चालवावी आणि दुसऱ्या माणसाने स्कॅनरवरील आकडा पाहत राहावे. चालविणाऱ्याने स्वतः स्कॅनरकडे पाहू नये. आकडा सावकाश व सलग चढला पाहिजे. पुष्कळ गाड्यांत तो साधारणपणे ८० ते ९५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. तो एकाच जागी खिळून राहिला, किंवा क्षणात ७० वरून १४० वर उडी मारू लागला, तर मंडलात दोष आहे. कित्येक लिटर तेल एका क्षणात ७० अंशांनी तापू शकत नाही.

५. कनेक्टर सोडविण्याची परीक्षा. आकडा खोटा गरम दिसत असेल, तर चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर सोडवावा आणि पुन्हा चावी फिरवून आकडा पाहावा. तो उणे ४० कडे गेला, तर तारा व संगणक ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा गिअरपेटीच्या आतील तारेत आहे. आकडा गरमच राहिला, तर बाहेरील तार कोठे तरी सांगाड्याला लागली आहे किंवा संगणकात दोष आहे.

आकडा खोटा थंड दिसत असेल, तर याच्या उलट करावे. कनेक्टर सोडवून संगणकाकडील बाजूच्या सेन्सरच्या दोन पिना तारेने क्षणभर जोडाव्यात. आकडा एकदम अतिगरम झाला, तर तारा ठीक असून सेन्सर आतून तुटला आहे. आकडा बदलला नाही, तर तार तुटली आहे किंवा संगणकात दोष आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मोठ्या कनेक्टरमध्ये इतरही पिना असतात व त्यांपैकी काहींवर बॅटरीचे पूर्ण व्होल्ट असतात. चुकीच्या पिना जोडल्या गेल्या, तर महागडा संगणक जळतो. यास्तव ही परीक्षा तारांचा नकाशा समोर ठेवून प्रशिक्षित मिस्त्रीनेच करावी.

६. रोध मोजणे. चावी बंद असताना सेन्सरच्या दोन पिनांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा व दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. प्रथम थंड गाडीत व नंतर तापलेल्या गाडीत मोजावा. सेन्सर बाहेर काढता येत असेल, तर तो पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरबरोबर बुडवून पाणी हळूहळू तापवावे व दर १० अंशांनी रोध लिहून घ्यावा. पिना पाण्याच्या वर राहतील असे पाहावे. सेन्सर उघड्या ज्योतीवर कधीही धरू नये.

७. तारा हलवून पाहणे. मल्टिमीटर किंवा स्कॅनर लावलेला असताना तारांचा जुडगा हळूहळू हलवावा. एखाद्या विशिष्ट जागी आकडा उडाला, तर तेथेच तार अर्धवट तुटली आहे. मधूनमधून येणारा दोष बहुधा असाच सापडतो.

दोन उदाहरणे

समजा, चाकणजवळच्या एका कांदा-उत्पादकाची गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहू लागली. फलकावर गिअरपेटी तापल्याचा इशारा आला. दुरुस्तीच्या पहिल्या ठिकाणी संपूर्ण गिअरपेटी बदलण्यास सांगण्यात आले. त्याने एक रात्र थांबून सकाळची तुलना करवून घेतली. पाणी २२ अंश, हवा २१ अंश, आणि गिअरपेटीचे तेल १४८ अंश! रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेल १४८ अंशांवर असणे अशक्य आहे. दोषांक पी ०७१२ होता. कनेक्टर सोडविताच आकडा उणे ४० वर गेला. म्हणजे बाहेरील तारा व संगणक निर्दोष. सेन्सरचा रोध २,५०० च्या जवळपास असावयास हवा होता, तो अवघा २० ओहम भरला. दोष कोठे आहे हे सिद्ध झाले. सेन्सर, तेल व गॅस्केट एवढाच खर्च आला. गिअरपेटीच्या मानाने तो अगदी थोडा होता.

आता दुसरी गाडी घेऊ. तीच तक्रार, तोच इशारा. परंतु सकाळी तिन्ही आकडे २२ अंश. गाडी भार घेऊन भीमाशंकरच्या चढाकडे निघाली, तसा आकडा सावकाश चढत १२५ अंशांवर गेला. गाडी सपाट जागी थांबवून मिस्त्रीने दुरून उष्णता मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने गिअरपेटीच्या तळाचे माप घेतले. ते ११२ अंश भरले. पत्र्याचा पृष्ठभाग आतील तेलाहून थोडा थंड असतोच. तेव्हा दोन्ही आकडे परस्परांशी जुळतात. म्हणजे येथे सेन्सर खरे सांगत होता! शोध घेता रेडिएटरसमोरील तेलाचा शीतक मळणीच्या भुसकटाने व धुळीने बुजलेला आढळला. अशा प्रसंगी सेन्सर बदलून किंवा त्याची तार सोडवून इशारा बंद केला असता, तर तेल तसेच तापत राहून क्लच जळाले असते, आणि मग गिअरपेटी खरोखरच बदलावी लागली असती.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटे माप दाखवितो. म्हणून माप घ्यावयाच्या जागी, पत्रा थंड असताना, उष्णता सहन करणारी काळी चिकटपट्टी आधीच लावून ठेवावी.

तेलाच्या पातळीसंबंधी विशेष सूचना

आजच्या पुष्कळ गाड्यांत गिअरपेटीचे तेल मोजण्याची पट्टी नसते. तेल एका ठराविक उष्णतेवर असताना व इंजिन चालू असताना तळाचा बूच काढून पातळी पाहतात. ही उष्णता मिस्त्री स्कॅनरवर, म्हणजे याच सेन्सरकडून, वाचतो. सेन्सर खोटा असेल, तर पातळीही चुकीची ठरते. तेल तापले की फुगते. म्हणून प्रत्यक्षात फार गरम तेलाची पातळी थंड समजून पाहिल्यास गाडीत तेल कमी राहते. यास्तव सेन्सरचा संशय असेल, तेव्हा त्याच्या भरवशावर तेलाची पातळी ठरवू नये. आधी सेन्सरचा निकाल लावावा, मग पातळी पाहावी.

ट्रॅक्टरधारकांसाठी

हेच तत्त्व ट्रॅक्टरच्या पाण्याची उष्णता दाखविणाऱ्या विजेच्या काट्यालाही लागू पडते. पुष्कळ ट्रॅक्टरांत इंजिनात बसविलेल्या सेन्सरला एकच तार असते व दुसरी वाट इंजिनाच्या लोखंडातून पुरी होते. अशा प्रकारात तार सोडविल्यावर काटा थंडकडे पडावा व तार क्षणभर इंजिनाला टेकविल्यावर गरमकडे जावा. तसे झाले तर काटा व तार ठीक असून सेन्सर तपासावा. सेन्सर बसविताना आट्यांवर टेपचे जाड वेढे दिले, तर लोखंडाशी संबंध तुटून काटा खोटे सांगतो; ही चूक वारंवार होते. काही जुन्या ट्रॅक्टरांत तारेऐवजी बारीक तांब्याची नळी असते. त्यांस ही परीक्षा लागू नाही.

घ्यावयाची काळजी

तापलेले तेल कातडी भाजते. म्हणून गाडी निवल्याशिवाय बूच उघडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत व चाकांना दगड किंवा ओंडके द्यावेत. सेन्सर बदलल्यावर कारखान्याने सांगितलेल्या जातीचेच तेल भरावे, दोषांक पुसावेत आणि सकाळची तुलना व चालवून पाहण्याची परीक्षा पुन्हा करावी. दोषांक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो पुन्हा आला नाही, हीच दुरुस्तीची खूण होय. काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नये. ते डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

ग्रामसेवकांनी करावयाचे प्रात्यक्षिक

या पाठाचे प्रात्यक्षिक चावडीवर किंवा शाळेत सहज करता येईल. ट्रॅक्टरचा एखादा जुना चालू सेन्सर, एक मल्टिमीटर, एक थर्मामीटर व गरम पाण्याचे भांडे एवढे साहित्य पुरे. गावातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलांकडून माप घेववावे आणि आकडे फळ्यावर लिहावेत. पाणी तापत जाते व ओहम घटत जातात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे मंडलाचे गूढ उरत नाही.

शेतकऱ्याने स्वतः गिअरपेटी उघडावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दुरुस्तीच्या ठिकाणी त्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : थंड गाडीत सकाळी तेलाचा आकडा किती होता? कनेक्टर सोडविल्यावर आकडा बदलला काय? आणि तेल खरोखर तापते किंवा नाही हे दुसऱ्या साधनाने ताडून पाहिले काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज मोठ्या खर्चास संमती देऊ नये.

उजळणीचे प्रश्न

१. थर्मिस्टर तापल्यावर त्याचा रोध वाढतो की घटतो?
२. स्कॅनरवर उणे ४० अंश दिसल्यास कोणता दोष संभवतो?
३. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कोणते तीन आकडे ताडून पाहावेत, व का?
४. सेन्सर खरे सांगत असताना त्याची तार सोडविल्यास कोणते नुकसान होईल?
५. सेन्सर सदोष असताना तेलाची पातळी का ठरवू नये?